गावच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

विदर्भातील ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट आणि कृषी सेवा केंद्रे यांच्यापर्यंत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पोहोचली आहेत, पण ती वापरायला घेण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो. आधी कोणीतरी ॲप मोबाइलवर घेतो, मग मोबाइल चांगला हाताळणारा एखादा तरुण त्याचा प्रमुख ठरतो, मग त्या ॲपला देण्यासाठी काम शोधले जाते, आणि आलेले उत्तर बरोबर आहे की चूक हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न पहिले नुकसान झाल्यावर निघतो. या लेखात तोच क्रम सरळ करून मांडला आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. पहिले चार टप्पे पूर्ण होईपर्यंत कोणतेही ॲप उघडण्याची गरज नाही.

सुरुवात केव्हा करावी हेही आधी ठरवा. खरिपाच्या ऐन धावपळीत, म्हणजे पेरणी, फवारणी आणि विम्याचे अर्ज एकत्र येतात त्या जून ते ऑगस्टच्या काळात, नवे साधन हाती घेऊ नये. तेव्हा उत्तर तपासायला कोणालाच वेळ नसतो आणि चुकीच्या उत्तराची किंमत सर्वांत जास्त असते. तयारीसाठी फेब्रुवारी ते मे हा काळ योग्य आहे.

टप्पा १: एकच काम निवडा

"गाव स्मार्ट करायचे आहे" हे उद्दिष्ट झाले, काम नव्हे. काम असे हवे की त्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात: ग्रामसभेच्या इतिवृत्ताचा कच्चा मसुदा तयार करणे, कामगंध सापळ्यातील (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यातील) पतंगांची नोंद ठेवणे, किंवा तहसील कार्यालयाला पाठवायच्या पत्रांचा पहिला मसुदा लिहिणे. निवडलेले काम महिन्यातून अनेकदा येणारे असावे, म्हणजे सवय होते. ते आजही कोणीतरी हाताने करत असलेले असावे, म्हणजे तुलना करता येते. आणि त्यात चूक झाली तर ती दुरुस्त करण्याइतकी सवड असावी.

या तिसऱ्या कसोटीवर काही कामे सुरुवातीलाच बाजूला पडतात. कीटकनाशकाचे मिश्रण आणि मात्रा ठरवणे, आजारी माणसाला औषध सुचवणे, लाभार्थ्यांच्या यादीतून कोणाला वगळायचे हे ठरवणे आणि बचत गटातील कर्ज मंजूर करणे ही कामे यंत्राकडे सोपवू नयेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक जणांचा जीव गेला. ज्या भागाने हे पाहिले आहे, त्या भागात फवारणीच्या मात्रेबाबत "मोबाइलने सांगितले" एवढा आधार कोणालाही पुरेसा वाटू नये.

सुरुवात यंत्रे विकत घेऊन करण्याचा मोहही इथेच आवरावा. नागपूर जिल्ह्यातील सातनवरी येथे २०२५ मध्ये स्मार्ट गावाचा प्रयोग सुरू झाला आणि त्यानंतर "आमच्याकडेही तसेच सेन्सर बसवा" अशी मागणी अनेक ठिकाणी होऊ लागली. तिथे शासन आणि तंत्रज्ञान कंपन्या प्रयोगाच्या पाठीशी उभ्या आहेत. आपल्या गावात बिघडलेला सेन्सर दुरुस्त करायला कोण येणार, याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत खरेदीचा ठराव घेऊ नये.

तपासणी: निवडलेले काम एका वाक्यात कागदावर लिहा. त्या वाक्यात "वगैरे" किंवा "इत्यादी" आले असेल, तर काम अजून निवडलेले नाही.

टप्पा २: तपासणारा माणूस नेमा

या लेखातील एकच गोष्ट पाळायची झाली, तर ती ही पाळावी. प्रत्येक कामासाठी दोन वेगळी माणसे लागतात. एक साधन चालवणारा आणि दुसरा त्याचे उत्तर तपासणारा. चालवणाऱ्याला मोबाइल समजला पाहिजे, तपासणाऱ्याला विषय समजला पाहिजे. आपल्याकडे ही दोन्ही कामे त्याच एका मुलाच्या गळ्यात पडतात, कारण मोबाइलवरचा माणूस हुशार दिसतो. त्याला टंकलेखन येते, इंग्रजी वाचता येते, पण मागच्या वर्षी पाणंद रस्त्याचा ठराव कोणत्या अटीवर झाला, किंवा काळ्या खोल जमिनीत पाणी साचले की तूर कशी दिसते, हे त्याला माहीत नसते. यंत्राचे उत्तर शुद्ध भाषेत आणि ठाम सुरात येते, म्हणून ते चूक असल्याची शंका विषय जाणणाऱ्यालाच येऊ शकते.

इतिवृत्तासाठी तपासणारा म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी किंवा जुन्या दप्तराची माहिती असलेला सदस्य. पिकासाठी गावातील अनुभवी शेतकरी, आणि शंका राहिल्यास सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ. बचत गटाच्या कामासाठी हिशेब लिहिणारी ताई. तपासणाऱ्याला स्मार्टफोन वापरता येत नसला तरी अडत नाही, त्याला उत्तर वाचून दाखवता येते. उलट मोठ्याने वाचताना चुका लवकर कानाला खटकतात.

नेमणूक तोंडी ठेवू नका. मासिक सभेत किंवा संचालक मंडळाच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव घ्या: हे काम, हा चालवणारा, हा तपासणारा, आणि तपासणाऱ्याच्या सहीशिवाय यंत्राचा मजकूर बाहेर जाणार नाही.

सावधान: तपासणारा पंधरा दिवस गावाबाहेर असेल, तर ते काम पंधरा दिवस हाताने करावे. "तात्पुरते तूच बघून घे" या वाक्याने ही सगळी रचना मोडते.

टप्पा ३: घरची माहिती आणि घरचे शब्द तयार ठेवा

यंत्राला तुमचे गाव माहीत नसते. विचारलेल्या प्रश्नात जेवढे सांगितले तेवढेच त्याला कळते आणि उरलेले ते सर्वसाधारण अंदाजाने भरते. "सोयाबीन केव्हा पेरावे" एवढेच विचारले, तर उत्तर पुस्तकी येते. आपल्याकडे पेरणीचा निर्णय तारखेवर नसतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेली की नाही यावर असतो. म्हणून दोन पानांची "गावमाहिती" आधी तयार करा: तालुका, जमिनीचे प्रकार, मुख्य पिके, सिंचनाची सोय, जवळची बाजार समिती, वापरात असलेली मापे आणि पंप, आणि ज्या विभागांशी नेहमी पत्रव्यवहार होतो त्यांची अचूक नावे. प्रत्येक नव्या संभाषणात हा मजकूर आधी द्यायचा. यात कोणा व्यक्तीचे नाव किंवा गट क्रमांक नसावा.

दुसरे पान शब्दांचे. वावर, धुरा, पऱ्हाटी, डवरणी, सोंगणी हे रोजचे शब्द, आणि भंडारा-गोंदियाकडे धानाची बांधी, यांतील काही शब्द यंत्र ओळखते, काहींचा भलताच अर्थ लावते. बोलून प्रश्न विचारला तर अडचण आणखी वाढते. म्हणून शब्दापुढे प्रमाण मराठीतील अर्थ लिहून ठेवा आणि प्रश्न लिहिताना चालवणाऱ्याने तो वापरावा. प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याला मात्र भाषा बदलायला लावू नये. तो त्याच्या बोलीत बोलेल आणि चालवणारा लिहून घेईल.

मेळघाटातील कोरकू आणि गडचिरोलीतील माडिया बोलणाऱ्या वस्त्यांसाठी वेगळा विचार करावा लागतो. केंद्र सरकारच्या आदि वाणी या भाषांतर साधनात २०२५ मध्ये माडियाला जवळची असलेली गोंडी आली, पण ती मुख्यतः छत्तीसगडकडील गोंडी आहे आणि कोरकूचा त्यात समावेश नव्हता. अशा ठिकाणी आवाजाच्या साधनावर विसंबू नये. गावातील दुभाषी हाच पहिला आधार ठेवावा आणि यंत्र मराठी मसुद्यापुरतेच वापरावे.

मापांची गल्लत ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. शिफारशी बहुधा हेक्टरी असतात आणि शेतकरी एकरात बोलतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. सोयाबीनचे हेक्टरी ७५ किलो बियाणे म्हणजे एकरी साधारण ३० किलो. उत्तरात "एकरी ७५ किलो" आले, तर यंत्राने एकक गिळले आहे हे तपासणाऱ्याला लगेच दिसले पाहिजे. म्हणून गावमाहितीत ठळक लिहा: सर्व उत्तरे एकरी द्यावीत आणि मूळ हेक्टरी आकडाही सोबत दाखवावा.

टप्पा ४: कोणती माहिती कधीही द्यायची नाही, हे भिंतीवर लावा

आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल क्रमांकांच्या याद्या, नावासह सातबारा व आठ-अ, आशाताईंच्या नोंदवहीतील आरोग्याची माहिती, मुलांची छायाचित्रे व गुणपत्रके यांपैकी काहीही सार्वजनिक चॅट साधनात टाकू नये. "यादी नीट लावून दे" म्हणून लाभार्थ्यांची अख्खी यादी छायाचित्र काढून टाकली जाते, ही चूक मी वारंवार पाहतो. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ती माहिती देण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माणसाची माहिती वापरताना त्याची स्पष्ट संमती घेणे हे त्याचे मूळ सूत्र आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांबाबत पालकांची संमती लागते.

पर्याय सोपा आहे. यादी टाकण्याऐवजी यादीचा नमुना टाका: "लाभार्थी क, क्षेत्र २ एकर, पीक कापूस". रकाने कसे लावायचे हे यंत्राकडून घ्या आणि खरी नावे आपल्या संगणकावर आपणच भरा. विशेषतः शाळांनी हे कटाक्षाने पाळावे. शिक्षकाने प्रश्नपत्रिकेचा किंवा पाठाच्या टाचणाचा मसुदा घेणे आणि विद्यार्थ्यांची नावे-गुण यंत्राला देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टप्पा ५: आता साधन निवडा

इथपर्यंत आल्यावर निवड सोपी होते, कारण काम ठरलेले आहे. शासकीय साधन त्या कामासाठी उपलब्ध असेल, तर आधी ते पाहावे. ग्रामसभेच्या इतिवृत्तासाठी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सभासार हे साधन आणले. ते भाषिणी या भारतीय भाषांच्या व्यवस्थेवर चालते आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या कामकाजाच्या संकेतस्थळाच्याच लॉगिनने उघडते. कीड ओळखण्यासाठी ऑगस्ट २०२४ पासून राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली आहे. तिच्या सल्ल्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि धान ही आपली पिके येतात. राज्याच्या कृषी विभागाचे महाविस्तार ॲप मराठीत सल्ला देते. पीएम-किसानच्या हप्त्याविषयी विचारायचे असेल, तर २०२३ पासून किसान ई-मित्र आहे. पत्रांचे मसुदे, भाषांतर, जाहिरातीचा मजकूर अशा सर्वसाधारण कामांसाठी चॅटजीपीटी किंवा जेमिनीचा मोफत वापर पुरतो.

मोफत योजना घेताना कार्ड किंवा यूपीआयची परवानगी मागितली जात असेल, तर मुदत संपल्यावर आपोआप पैसे कापले जाणार आहेत का, हे पाहून मगच पुढे जावे. संस्थेच्या कामासाठी सचिवाचे खासगी यूपीआय जोडणे टाळावेच.

सावधान: एकाच वेळी दोन साधने सुरू करू नका. चूक झाल्यावर ती साधनाची, प्रश्नाची की तपासणीची, हे ओळखणे अशक्य होते.

टप्पा ६: उत्तरे माहीत असलेल्या प्रश्नांवर चाचणी घ्या

वीस प्रश्न कागदावर लिहा आणि त्यांची बरोबर उत्तरे संबंधित कार्यालयातून आधीच घेऊन ठेवा. मग तेच प्रश्न यंत्राला विचारा. या वीसांत तीन प्रकारचे प्रश्न मिसळलेले हवेत.

पहिला प्रकार स्थिर माहितीचा. उदाहरणार्थ, सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता घरी कशी तपासावी. शंभर दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. हे बहुधा बरोबर येते.

दुसरा प्रकार बदललेल्या माहितीचा, आणि खरी परीक्षा इथे होते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. पीक विम्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याला खरिपात विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत हप्ता लागू झाला. इंटरनेटवर एक रुपयाच्या योजनेचा मजकूर ढिगाने पडलेला आहे, त्यामुळे यंत्र जुने उत्तर आत्मविश्वासाने देऊ शकते. या बदलात केवळ हप्ता बदललेला नाही, भरपाई ठरवण्याची पद्धतही बदलली. म्हणून योजना, भाव आणि मुदत यांविषयीचे कोणतेही उत्तर चालू वर्षाच्या शासन निर्णयाशी ताडून पाहिल्याशिवाय सूचना फलकावर लावू नये.

तिसरा प्रकार, ज्यांचे उत्तर यंत्राला माहीत असणे शक्यच नाही असे प्रश्न: आपल्या ग्रामपंचायतीने मागच्या महिन्यात कोणता ठराव घेतला, आपल्या गोदामात आज किती कट्टे आहेत. चांगले साधन "मला ही माहिती नाही" असे सांगते. जे साधन ठराव क्रमांकासह उत्तर रचून देते, ते तुमच्या कामाला घातक आहे.

तपासणी: तिसऱ्या प्रकारात एकही रचलेले उत्तर आले, तर प्रश्नासोबत "माहिती नसेल तर माहिती नाही असे स्पष्ट लिही" ही सूचना देऊन पुन्हा घ्या. तरीही तसेच येत असेल, तर साधन बदला.

टप्पा ७: प्रत्यक्ष वापर

*ग्रामसभेचे इतिवृत्त*

इतिवृत्ताचा दर्जा ध्वनिमुद्रण करतानाच ठरतो. ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याजवळ मोबाइल ठेवला, तर आवाज फाटतो आणि पंख्याखाली ठेवला तर घरघर येते. मोबाइल विमान मोडवर टाकून, पूर्ण चार्ज करून, अध्यक्षांसमोर टेबलावर मऊ कापडावर ठेवावा. सभेच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रण होत असल्याचे जाहीर करावे आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी. बोलणाऱ्याने आधी स्वतःचे नाव सांगावे. चार जण एकदम बोलले की यंत्राला काही कळत नाही, आणि आपल्या ग्रामसभेत नेमक्या महत्त्वाच्या विषयावरच चार जण एकदम बोलतात. म्हणून प्रत्येक विषय संपल्यावर अध्यक्षांनी ठराव सावकाश, पूर्ण वाक्यात, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह मोठ्याने सांगावा आणि रक्कम दोनदा उच्चारावी. इतके केले तरी निम्मे काम झाले. रेंज नसेल, तर मुद्रण जतन करून तालुक्याला गेल्यावर चढवता येते. सभेच्या वेळीच इंटरनेट असले पाहिजे, असे नाही.

मसुदा आल्यावर तपासणाऱ्याने पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. आधी नकार: "मंजुरी देण्यात येऊ नये" यातील "नये" गळले की ठराव उलटतो. मग रकमा आणि दिनांक, मग नावे व आडनावे, मग सूचक आणि अनुमोदक. शेवटी विरोधाची नोंद. संक्षेप करताना यंत्र बहुमताचे म्हणणे ठेवते आणि एकट्या माणसाची हरकत गाळते. ज्या बाईने रेशन दुकानाबद्दल तक्रार केली, तिचे वाक्य इतिवृत्तात राहिले की नाही, हे मूळ मुद्रण ऐकूनच ठरवावे.

मसुद्याला दप्तराचा दर्जा नाही. अंतिम इतिवृत्त नियमाप्रमाणे नोंदवहीत लिहिले जाऊन सह्या होतील तेव्हाच ते इतिवृत्त. गणपूर्तीसाठी उपस्थितीची सहीची वही वेगळी असते आणि ती यंत्राच्या अंदाजावर कधीही भरू नये.

*पिकावरील कीड आणि रोग*

छायाचित्र चुकीचे असेल, तर निदान चुकीचेच येणार. एका रोपाची तीन छायाचित्रे घ्या: पूर्ण झाड, बाधित भाग जवळून, आणि पानाची खालची बाजू. सकाळचे मऊ ऊन चांगले, भर दुपारचे नको. आकार कळावा म्हणून बाजूला अंगठा धरा. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवताना छायाचित्राची सूक्ष्मता कमी होते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ज्या मोबाइलवर काढले त्यावरूनच ॲपला द्या. सोबत पेरणीची तारीख, शेवटचा पाऊस आणि याआधीची फवारणी लिहा.

सोयाबीन पिवळे पडले की बहुतेक जण एका पानाचा फोटो काढतात, आणि फसगत तिथेच होते. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असेल, तर पानावर पिवळे-हिरवे विखुरलेले चट्टे दिसतात आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. लोहाची कमतरता असेल, तर कोवळी पाने पिवळी होतात पण शिरा हिरव्या राहतात. नत्राची कमतरता जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होते. खोडमाशी असेल, तर पानावरून काहीच ठरत नाही. खोड उभे चिरल्यावर आत लालसर पोखरलेली नळी दिसते. चक्रीभुंग्याने खोडावर किंवा देठावर दोन कडी पाडलेली असतात आणि वरचा भाग वाळतो. पाणी साचल्यानेही पीक पिवळे पडते, आणि त्याला कोणतेच औषध लागत नाही, चर काढून पाणी बाहेर काढावे लागते. यंत्राला फक्त पान दाखवले, तर त्याने फक्त पानाचाच विचार करावा हे साहजिक आहे. म्हणून ॲप उघडण्याआधी एक रोप उपटून मूळ पाहावे आणि एक खोड चिरावे. तीच छायाचित्रेही द्यावीत.

कपाशीतील गुलाबी बोंडअळीचे काम यंत्रासाठी अधिक योग्य आहे, कारण त्यात मोजणी असते आणि ठरलेला उंबरठा असतो. वाधवानी एआय या संस्थेने तयार केलेले कॉटनएस हे साधन याच पद्धतीवर उभे आहे: सापळ्यातील पतंगांचे छायाचित्र घ्यायचे, यंत्र मोजणी करते आणि सल्ला देते. सापळ्यात सलग तीन रात्री दररोज ८ किंवा अधिक पतंग, किंवा फुले-बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करण्याची वेळ, मानली जाते. पण मोजणी बरोबर असूनही सल्ला चुकतो, तो सापळ्यामुळे. ल्युअर, म्हणजे सापळ्यातील वासाची गोळी, जुनी झाली की पतंग येत नाहीत, यंत्र "प्रादुर्भाव कमी" म्हणते आणि शेतकरी निश्चिंत राहतो. म्हणून ल्युअर बसवल्याची तारीख सापळ्यावरच लिहावी, पाकिटावरील मुदतीप्रमाणे ती बदलावी, आणि आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन बोंडांत अळी निघाली, तर सापळा काहीही सांगो, पातळी गाठली गेली आहे.

सावधान: यंत्राकडून निदानाची शक्यता घ्यावी, औषधाची मात्रा घेऊ नये. मात्रा फक्त डब्यावरील लेबल, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची चालू शिफारस किंवा कृषी अधिकारी यांच्याकडून. दोन-तीन औषधे एकत्र करण्याचा सल्ला यंत्राने दिला, तर तो तिथेच थांबवावा. शंका असेल, तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे.

*पत्रे, अर्ज आणि बचत गटाची लेबले*

पत्राचा मसुदा चांगला मिळतो, त्यातील संदर्भ मात्र जपून घ्यावे लागतात. शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक यंत्र सहज रचून देते. राज्य शासनाच्या निर्णयांना संगणक सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आकडे वर्ष, महिना, दिवस दाखवतात. सांकेतांक आणि दिनांक जुळत नसेल, तर संदर्भाबद्दल शंका घ्यावी. जुळला तरी शासनाच्या संकेतस्थळावर मूळ निर्णय उघडून वाचल्याशिवाय तो पत्रात लिहू नये.

पापड, लोणचे, हळद यांच्या लेबलांत दोन चुका नेहमी दिसतात. यंत्र पोषणमूल्यांचा तक्ता मनाने भरून देते, आणि "मधुमेहावर गुणकारी" असे दावे लिहिते. तक्ता प्रयोगशाळेच्या तपासणीतूनच यावा आणि औषधी दावा पूर्ण काढून टाकावा. अन्न परवान्याचा क्रमांकही नमुना म्हणून छापलेला राहू शकतो, छपाईला देण्याआधी तो आकडा आकडा करून पाहावा. बचत, व्याज आणि कर्जहप्ते यांची बेरीज-वजाबाकी भाषेच्या यंत्राकडून करून घेऊ नये. त्यासाठी कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल आहे.

टप्पा ८: एक नोंदवही, आणि थांबवण्याचा निकष

साधी वही पुरे. दिनांक, काय विचारले, काय उत्तर आले, तपासणाऱ्याने काय बदलले, किती वेळ लागला, सही. पहिले तीन महिने जुनी पद्धत समांतर चालू ठेवावी. महिनाअखेरीस वही उघडून दोन गोष्टी पाहाव्यात. तपासायला लागणारा वेळ हाताने काम करण्यापेक्षा जास्त असेल, तर ते काम परत हातावर घ्यावे. त्यात कमीपणा नाही. आणि रक्कम, मात्रा किंवा ठरावाचा अर्थ उलटवणारी चूक एकदा जरी तपासणीतून निसटून बाहेर गेली, तर तो वापर लगेच थांबवावा, कारण शोधावे, आणि तपासणीची पद्धत बदलल्यावरच पुन्हा सुरू करावे. वहीत दुरुस्त्यांचे रकाने महिनोन्महिने कोरे दिसत असतील, तर यंत्र निर्दोष झाले असे समजू नये. बहुधा तपासणाऱ्याने वाचणे सोडून दिलेले असते.

मसुदा यंत्राच्या मदतीने केला आहे, ही गोष्ट गावापासून लपवू नये. कीड सल्ल्याच्या संदेशाखाली "ॲपच्या मदतीने, तपासणी अमुक यांनी केली" अशी एक ओळ असावी. प्रश्न कोणाला विचारायचा, हे शेतकऱ्याला कळते.

टप्पा ९: बदली आणि हस्तांतर

चालू झालेली चांगली व्यवस्था बहुतेक वेळा माणूस बदलल्यावर बंद पडते. खाते एखाद्याच्या खासगी ईमेलवर उघडलेले असते, पासवर्ड त्याच्याच मोबाइलमध्ये असतो, आणि बदली किंवा नोकरी लागली की सगळे त्याच्यासोबत जाते. म्हणून खाते संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या सिमवर उघडावे. पासवर्ड लिहिलेले बंद पाकीट सचिवांकडे कपाटात ठेवावे. पदभार देताना दप्तराच्या यादीत चार बाबी वाढवाव्यात: खात्याचे नाव, गावमाहितीची दोन पाने, वीस प्रश्नांची चाचणी आणि नोंदवही. नव्याने येणाऱ्याने कामाला हात घालण्याआधी तीच वीस प्रश्नांची चाचणी पुन्हा घ्यावी, कारण मधल्या काळात साधनही बदललेले असते आणि हमीभाव, हप्ता व मुदतीची बरोबर उत्तरेही.